सह्या आणि कावळे : हिरोशिमा चित्रमालेतील शांतता-चळवळीचे आत्मपरीक्षण

युद्धविरोधी कलेचे मूल्यमापन करताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : या कलाकृतीने दुःखाचे दर्शन किती प्रखरपणे घडविले? हा प्रश्न आवश्यक आहे. परंतु तो पुरेसा नाही. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. कोणाचे दुःख तिला प्रथम दिसले, कोणाचे सर्वांत शेवटी दिसले, आणि मधला विलंब कशामुळे झाला? हा प्रश्न जसा कलाकृतीला विचारावयाचा, तसाच शांततेसाठी झटणाऱ्या संघटनेलाही विचारावयाचा असतो. करुणेचा उगम जवळच्या माणसाविषयीच्या कळवळ्यात होतो हे स्वाभाविक आहे. ती तेथेच थांबली की तिचे रूपांतर स्वकीयांच्या अभिमानात होते, आणि असा अभिमान पुढच्या युद्धाच्याही कामी येऊ शकतो.

जपानमधील इरी मारुकी (१९०१–१९९५) आणि तोशी मारुकी (१९१२–२०००) या चित्रकार दाम्पत्याने १९५० ते १९८२ या काळात रंगविलेली पंधरा भव्य चित्रांची हिरोशिमा चित्रमाला ही या दृष्टीने अभ्यासण्याजोगी कलाकृती आहे. प्रस्तुत लेखात तिच्यातील दोन चित्रांचा विशेष विचार करावयाचा आहे. दहावे चित्र 'सह्या' हे १९५५ सालचे. चौदावे चित्र 'कावळे' हे १९७२ सालचे. पहिल्या चित्राचा विषय अण्वस्त्रबंदीसाठी सामान्य जपानी नागरिकांनी चालविलेली सह्यांची मोहीम हा आहे. दुसऱ्या चित्राचा विषय त्या मोहिमेच्या नजरेतून सुटून गेलेली माणसे हा आहे. या दोन चित्रांमध्ये सतरा वर्षांचे अंतर आहे. त्या सतरा वर्षांत काय घडले हे समजून घेतल्याखेरीज दोन्ही चित्रांचा अर्थ पूर्णपणे उलगडत नाही.

चित्रकार आणि त्यांची चित्रभाषा

इरी मारुकी हे मूळचे हिरोशिमा परिसरातील. शाईच्या परंपरागत जपानी चित्रपद्धतीत त्यांची जडणघडण झाली होती. तोशी यांचा जन्म होक्काइदो बेटावरील एका बौद्ध मंदिराच्या पुरोहित-कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण पाश्चात्त्य तैलचित्रणाचे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. इरी तीन दिवसांनी आपल्या माणसांच्या शोधात तेथे पोहोचले आणि त्यानंतर काही दिवसांनी तोशी. दोघांनी जखमींची शुश्रूषा केली आणि शहराचा विध्वंस जवळून पाहिला. तरीही त्यावर चित्र काढण्यास त्यांना जवळजवळ पाच वर्षे लागली.

'भुते' हे पहिले चित्र फेब्रुवारी १९५० मध्ये टोकियोतील प्रदर्शनात मांडले गेले, ते '६ ऑगस्ट' या सौम्य नावाने. देश अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होता आणि अणुबॉम्बच्या परिणामांविषयी बोलण्यावर कडक नियंत्रण होते. त्याच वर्षी या दाम्पत्याने काढलेली 'पिका-दोन' ही छोटी चित्रपुस्तिका दडपली गेली. १९५० सालीच 'आग' व 'पाणी' ही चित्रे पूर्ण झाली, आणि पुढे एकेक करीत माला वाढत गेली.

प्रत्येक चित्र सुमारे १.८ मीटर उंच व ७.२ मीटर लांब, आठ फळ्यांच्या घडीच्या पडद्याच्या धाटणीचे आहे. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीत संपूर्ण चित्र एकाच वेळी मावत नाही. त्याला चालत चालत पाहावे लागते. दोघांची कामाची रीतही वैशिष्ट्यपूर्ण होती. तोशी मानवी देह बारकाईने रेखाटीत. इरी त्या रेखाटनावर शाई ओतीत. काय झाकले जाईल आणि काय उरेल हे कागदावर शाई पसरल्यानंतरच ठरे. तोशी पुन्हा रेषा काढीत, इरी पुन्हा शाई ओतीत. या प्रक्रियेला केवळ तंत्र म्हणणे अपुरे ठरेल. रेषा प्रत्येक मृताला त्याचा चेहरा, त्याचे वेगळेपण परत देते. शाई ते हिरावून घेते. बॉम्बने माणसाचे जे केले आणि स्मृतीने त्याच्यासाठी जे करावयास हवे, त्या दोहोंचा संघर्ष या कागदावरच चाललेला असतो. या रेषेची आठवण वाचकांनी ठेवावी. 'कावळे' या चित्राचा विचार करताना तिच्याकडे परत यावे लागणार आहे.

या चित्रांना लोकांपर्यंत नेले ते कलादालनांनी नव्हे. विद्यार्थी, शिक्षक, कामगार आणि स्त्रियांची मंडळे यांनी चित्रे गुंडाळून गावोगाव नेली. शाळांत आणि सार्वजनिक सभागृहांत लावली. चित्रे जप्त होतील या भीतीने पहिल्या तीन चित्रांच्या प्रतीही करून ठेवल्या होत्या. म्हणजे 'सह्या' हे चित्र रंगविण्याच्या आधीपासूनच ही चित्रमाला छोट्या छोट्या स्थानिक गटांच्या खांद्यावरून प्रवास करीत होती. ज्यांनी चित्रे वाहून नेली, तीच माणसे पुढे चित्राचा विषय झाली.

मासळीच्या दुकानातून उभी राहिलेली चळवळ

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची शक्ती हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट होती. चाचणीची किरणोत्सारी राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी जहाजावर पडली. जहाजावर २३ खलाशी होते. १४ मार्च रोजी जहाज याइझु बंदरात परतले तेव्हा सारे आजारी होते. त्यांच्यापैकी बिनतारी संदेशाचे काम पाहणारे कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबर रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी मरण पावले.

दरम्यान किरणोत्साराने दूषित झालेली ट्यूना मासळी बाजारात सापडू लागली आणि टनावारी मासळी पुरून किंवा समुद्रात फेकून द्यावी लागली. मासळी हे जपानी घरातील रोजचे अन्न. बॉम्ब या वेळी नकाशावरील एखाद्या शहरावर पडला नव्हता. तो प्रत्येक घरातील ताटात येऊन पडला होता. राजकारणाशी कधी संबंध न आलेल्या स्त्रिया चळवळीत का उतरल्या, याचे पहिले कारण हे आहे.

टोकियो महानगराच्या सुगिनामी या वॉर्डात मासळीविक्रेत्यांचा धंदा बसला होता. त्यांनीच आधी सह्या गोळा करण्यास प्रारंभ केला. १६ एप्रिल १९५४ रोजी वॉर्डाच्या सार्वजनिक सभागृहात स्त्रियांसाठी एक व्याख्यान होते. ते संपल्यावर एका मासळीविक्रेत्याची पत्नी उठली आणि तिने उपस्थितांना या प्रश्नाकडे लक्ष देण्याची विनंती केली. दुसऱ्याच दिवशी वॉर्डाच्या प्रतिनिधिसभेने हायड्रोजन बॉम्बच्या बंदीचा ठराव संमत केला. ९ मे रोजी सह्यांच्या मोहिमेसाठी वॉर्डाची समिती स्थापन झाली.

या सभागृहाचे प्रमुख यासुई काओरू हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक होते. युद्धकाळातील लेखनामुळे त्यांना १९४८ साली टोकियो विद्यापीठातील पद सोडावे लागले होते. विद्यापीठाबाहेर पडलेल्या या विद्वानाने वॉर्डातील गृहिणींचे एक वाचन मंडळ चालविले होते. समाजशास्त्रीय ग्रंथ एकत्र बसून वाचावयाचे, न समजलेले विचारावयाचे, चर्चा करावयाची, हा त्या मंडळाचा क्रम. संकट आले तेव्हा वॉर्डात एक अभ्यासगट आधीच उभा होता. चळवळ एका रात्रीत उभी राहिल्यासारखी दिसते, तेव्हा तिच्यामागे असा एखादा शांत अभ्यासगट असतो हे ध्यानात घ्यावयास हवे. आपल्या वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. वाचनालयाची आणि अभ्यासवर्गाची किंमत त्यांना ठाऊक आहे.

समितीने काही पथ्ये पाळली. मागणी एकच ठेवली : हायड्रोजन बॉम्बवर बंदी. आवाहन कोणा एका देशाविरुद्ध न करता सर्व देशांच्या सरकारांना आणि जनतेला उद्देशून केले. कोणत्याही पक्षाचा झेंडा पुढे येऊ दिला नाही. पुराणमतवादी आणि डावे एकाच कागदावर सही करू शकले. सह्या घरोघर जाऊन, दुकानांतून आणि शाळांतून घेतल्या. सुमारे ३,९०,००० लोकवस्तीच्या या वॉर्डात सुमारे दोन महिन्यांत २,७०,००० च्या आसपास सह्या जमल्या. अर्थात सुगिनामी हे एकमेव केंद्र नव्हते. खलाशांच्या याइझु नगराच्या प्रतिनिधिसभेने २७ मार्चलाच ठराव केला होता, आणि देशभर ठिकठिकाणी स्वतंत्रपणे सह्या जमत होत्या. त्या विखुरलेल्या सह्यांना अनुकरणीय नमुना आणि पुढे राष्ट्रीय समितीचे कार्यालय सुगिनामीने दिले. १९५४ च्या अखेरीस देशातील सह्यांची संख्या दोन कोटींवर गेली. ऑगस्ट १९५५ पर्यंत ती तीन कोटींहून अधिक झाली. त्याच महिन्यात हिरोशिमा येथे अणुबॉम्ब व हायड्रोजन बॉम्बविरोधी पहिली जागतिक परिषद भरली.

या मोहिमेचा एक परिणाम विशेष महत्त्वाचा आहे. हिरोशिमा-नागासाकीतील बॉम्बग्रस्त जवळजवळ दहा वर्षे उपेक्षित होते. सह्यांच्या लाटेने त्यांना बोलावयास व्यासपीठ दिले. १९५६ साली नागासाकी येथे त्यांची 'निहोन हिदानक्यो' ही देशव्यापी संघटना स्थापन झाली. २०२४ सालचे नोबेल शांतता पारितोषिक तिलाच मिळाले.

'सह्या' : कलाकृती म्हणून

मारुकी दाम्पत्याने १९५५ साली दोन चित्रे पूर्ण केली. नववे चित्र 'याइझु' हे मासेमारांचे, आणि दहावे 'सह्या' हे मोहिमेचे. आधीच्या चित्रांत जळालेली, नग्न, हात पुढे करून चालणारी माणसे आहेत. देहांच्या राशी आहेत. मृत अर्भकाला कवटाळून बसलेली आई आहे. 'सह्या' या चित्रात जिवंत, वस्त्रे ल्यालेली, एका उद्देशाने एकत्र आलेली माणसे आहेत.

हे चित्र मालेतील दुबळे चित्र आहे, प्रचाराकडे झुकलेले आहे, असा आक्षेप घेता येईल. तो सर्वस्वी चुकीचा नाही. 'पाणी' किंवा 'आग' यांच्यासमोर उभा राहिलेला प्रेक्षक जसा निःशब्द होतो, तसा तो येथे होत नाही. शाईने रेषेवर केलेले आक्रमण येथे सौम्य झाले आहे. रेषा जिंकली आहे, पण तिला झगडावे लागलेले नाही. म्हणून चित्रातील आशा थोडी स्वस्त वाटते.

तरीही या चित्राशिवाय माला अपुरी राहिली असती असे आमचे मत आहे. भयाचे चित्रण करणारी कला प्रेक्षकाला हतबल करून घरी पाठवू शकते. हाहाकाराची नऊ चित्रे पाहिलेल्या प्रेक्षकाला दहावे चित्र एक साधी गोष्ट सांगते : तुझ्यासारख्याच माणसांनी याबाबतीत काहीतरी केले, आणि ते करण्यासाठी त्यांना एक लेखणी पुरली. सही ही क्षुद्र वाटणारी कृती आहे. परंतु ज्या राज्यव्यवस्थेने दहाच वर्षांपूर्वी सम्राटाच्या नावाने प्रजेला मरावयास पाठविले होते, तिच्यात गृहिणीने सरकारला न विचारता आपले नाव कागदावर लिहिणे ही नागरिकत्वाची प्रतिज्ञा होती. जपानी स्त्रियांनी मताचा अधिकार १९४६ च्या निवडणुकीत प्रथमच वापरला होता, हे स्मरणात ठेवून या चित्राकडे पाहिले पाहिजे.

'आम्ही' या शब्दाची सीमा

आता मर्यादेकडे वळू. सुगिनामीच्या आवाहनाचा आशय असा होता की हिरोशिमा, नागासाकी आणि आता बिकिनी, अशा तीन वेळा आम्ही जपानी लोकांनी या अस्त्रांचा भीषण आघात सोसला आहे. हे विधान वस्तुस्थितीला धरून होते आणि त्याच्यात प्रचंड जोडणारी शक्ती होती. तीन कोटी माणसे या 'आम्ही'मध्ये सामावली. परंतु कोणत्याही 'आम्ही'ला कुंपण असते.

बिकिनीच्या राखेने भाजले गेलेले केवळ २३ जपानी खलाशी नव्हते. राँगेलाप बेटावरील मार्शल लोकांवर तीच राख पडली. मुले त्या राखेत खेळली. दोन दिवस उलटून गेल्यानंतर त्यांना तेथून हलविण्यात आले. १९५७ साली त्यांना दूषित बेटावर परत नेण्यात आले, आणि अखेर १९८५ साली त्यांना आपली भूमी सोडावी लागली. विशेष म्हणजे एप्रिल १९५४ मध्ये, सुगिनामीच्या गृहिणी सभागृहात जमल्या त्याच महिन्यात, मार्शल बेटवासीयांनीही संयुक्त राष्ट्रसंघाकडे चाचण्या थांबविण्याचे निवेदन पाठविले होते. समुद्राच्या दोन टोकांना एकाच राखेविरुद्ध दोन निवेदने लिहिली जात होती; परंतु जपानी आवाहनातील 'आम्ही'मध्ये मार्शल लोकांना स्थान नव्हते. पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती बेटे जपानच्याच ताब्यात होती, ही वस्तुस्थिती हे मौन अधिक बोलके करते.

कुंपणाच्या आत, खुद्द हिरोशिमात, दुसरे मौन होते. बॉम्बखाली सापडलेल्यांत हजारो कोरियन होते. कोरिया ही जपानची वसाहत होती. अनेकांना युद्धकाळात सक्तीच्या मजुरीसाठी आणले होते. मरताना ते जपानचे प्रजाजन होते. युद्ध संपल्यावर ते परके ठरले. 'आम्ही जपानी लोकांनी सोसले' या वाक्यात त्यांना जागा उरली नाही.

एकच मागणी, एकच 'आम्ही', पक्षाचा स्पर्श नाही, या तिन्ही गोष्टी सुगिनामीचे बळ होत्या. परंतु 'हे आपण का सोसले' या प्रश्नाच्या पाठोपाठ 'आपण इतरांना काय सोसावयास लावले' हा प्रश्न विचारला असता तर एकमत टिकले नसते, अशी भीती त्या बळातच दडलेली होती. त्या प्रश्नाला बगल देऊन एकी साधली. पुढे ती एकी टिकलीही नाही. सोव्हिएत रशियाने १९६१ साली चाचण्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा समाजवादी म्हणविणाऱ्या देशाच्या बॉम्बचाही निषेध करावयाचा की नाही यावर चळवळीत वाद माजला. १९६३ सालच्या परिषदेत ती फुटली, आणि १९६५ साली दुसरी संघटना उभी राहिली. बॉम्ब कोणाचा आहे हे पाहून निषेध ठरविणारी चळवळ आणि बळी कोणाचा आहे हे पाहून शोक ठरविणारी चळवळ, दोहोंचा दोष एकाच जातीचा आहे. वरच्या समित्यांतील या भांडणात खालचे वाचन मंडळ आणि सभागृह मागे पडले.

'कावळे' : शेवटी उचललेली प्रेते

१९७० साली चित्रमालेतील चित्रे अमेरिकेत गेली. तेथे मारुकी दाम्पत्याला एक प्रश्न विचारला गेला : एखाद्या चिनी चित्रकाराने जपानी सैन्याने नानजिंग येथे केलेल्या कत्तलीचे चित्र काढून ते जपानमध्ये आणले, तर तुम्ही काय कराल? हा प्रश्न बॉम्बचे समर्थन करणाऱ्याची पळवाट म्हणून उडवून लावता आला असता. दाम्पत्याने तो उडवून लावला नाही. १९७१ साली त्यांनी तेरावे चित्र रंगविले, 'अमेरिकन युद्धकैद्यांचा मृत्यू'. हिरोशिमात डझनभर अमेरिकन युद्धकैदी बॉम्बने मारले गेले होते. संतप्त जपानी लोकांनी कैद्यांवर केलेला अत्याचारही या चित्रात आला. ज्यांना आधीच्या बारा चित्रांनी केवळ बळी म्हणून दाखविले होते, त्यांचेच हात येथे दुसऱ्याचा जीव घेण्यासाठी उठले.

पुढच्याच वर्षी 'कावळे' आले. मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेवर लिहिणाऱ्या प्रसिद्ध लेखिका इशिमुरे मिचिको यांनी नागासाकीतील कोरियन बॉम्बग्रस्तांची हकिकत लिहिली होती. बॉम्बनंतर सर्वांत शेवटपर्यंत पडून राहिली ती कोरियनांची प्रेते. कावळे उतरले आणि त्यांनी ती टोचली. मारुकी दाम्पत्याने हे वर्णन चित्रात आणले. जवळजवळ संपूर्ण चित्र काळ्या पंखांनी व्यापले आहे. त्या काळोखात कोरियन स्त्रियांचा पारंपरिक पोशाख, चिमा चोगोरी, पांढरा, रिकामा, तरंगताना दिसतो.

शाईचा उपयोग या चित्रात परिपक्वतेला पोहोचला आहे. आधीच्या चित्रांत शाई ही बॉम्बची खूण होती. येथे ती माणसांनी केलेल्या उपेक्षेची खूण झाली आहे. बॉम्बने सर्वांना एकाच क्षणी जाळले. त्याने जपानी-कोरियन असा भेद केला नाही. प्रेते उचलणाऱ्या हातांनी तो केला. मृत्यू समता आणतो हा समज किती पोकळ आहे, हे या एका चित्राने दाखवून दिले. ज्यांच्या स्मशानाची वाटसुद्धा गावाने वेगळी ठेवली, त्या समाजातील वाचकाला या चित्रासमोर फारशा स्पष्टीकरणाची गरज भासणार नाही.

तथापि चित्राचा गौरव करताना एक आक्षेप नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. तोशी मारुकींच्या रेषेने जपानी मृतांना चेहरे दिले होते. 'कावळे' या चित्रात कोरियन माणसे थव्याखाली जवळजवळ झाकली गेली आहेत, आणि त्यांच्या वतीने एक रिकामे वस्त्र बोलते. माणसाच्या जागी पोशाख आला, व्यक्तीच्या जागी वंशाचे चिन्ह आले. यावर असे म्हणता येईल की चित्रकारांनी ते चेहरे पाहिले नव्हते; न पाहिलेला चेहरा काढण्यापेक्षा रिकामे वस्त्र काढणे प्रामाणिकपणाचे होते. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे, परंतु त्याने प्रश्न मिटत नाही. ते चेहरे का पाहिले गेले नाहीत, हाच तर प्रश्न आहे. उपेक्षितांविषयी कळवळ्याने बोलणारा सहृदय माणूस आणि स्वतः बोलणारा उपेक्षित यांच्यात जे अंतर असते, ते या चित्रात उरले आहे. चित्र ते अंतर लपवीत नाही, हा त्याचा मोठेपणा. ते ओलांडू शकत नाही, ही त्याची मर्यादा.

ते अंतर ओलांडण्याचे काम बॉम्बग्रस्त कोरियनांनी स्वतः केले. सोन जिन-दू हे हिरोशिमाचे कोरियन बॉम्बग्रस्त १९७० साली उपचारासाठी चोरून जपानमध्ये आले आणि पकडले गेले. बॉम्बग्रस्तांसाठीचा वैद्यकीय साहाय्याचा कायदा आपल्यालाही लागू आहे असा दावा त्यांनी लावला, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. त्यांच्या पाठीशी जपानी नागरिकांचे छोटे साहाय्य-गट उभे राहिले. तीन कोटी सह्यांच्या तुलनेत ही मूठभर माणसे होती. परंतु सुगिनामीच्या चळवळीने जे कुंपण घालून घेतले होते ते त्यांनी तोडले. जपान सोडून गेलेल्या बॉम्बग्रस्ताचा भत्ता बंद करणारा १९७४ चा सरकारी आदेश रद्द व्हावयास मात्र २००३ साल उजाडावे लागले.

स्मारकाचा इतिहासही असाच आहे. कोरियन बळींचे स्मारक १९७० साली हिरोशिमात उभारले गेले, ते शांतता उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे. उद्यानात त्याला प्रवेश मिळाला १९९९ साली. शांततेच्या नावाने उभारलेल्या उद्यानालाही वेस असू शकते, आणि तिच्या बाहेर कोणाला थांबावे लागते, हे या एकोणतीस वर्षांनी दाखविले. २०२३ साली जपानचे पंतप्रधान आणि दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यांनी त्या स्मारकासमोर प्रथमच एकत्र उभे राहून आदरांजली वाहिली.

दिव्यांवरील नावे

'कावळे'च्या चार वर्षे आधी, १९६८ साली, या दाम्पत्याने 'तरंगते दिवे' हे बारावे चित्र रंगविले होते. ६ ऑगस्टच्या संध्याकाळी हिरोशिमाचे लोक कागदी दिव्यांवर मृतांची नावे लिहून ते नदीत सोडतात. पूर्वजांच्या स्मरणाच्या जपानी बौद्ध प्रथेतून आलेला हा विधी. सुंदर, शांत, हळवे असे ते चित्र आहे. परंतु 'कावळे' पाहिल्यानंतर त्याच्याकडे परत वळले की एक प्रश्न उभा राहतो. दिव्यावर नाव लिहावयास कोणीतरी मागे उरावे लागते. ज्यांचे सारे कुटुंब नष्ट झाले, ज्यांना मालकाने जपानी नाव लावावयास भाग पाडले, ज्यांची नोंद झाली नाही, त्यांच्यासाठी दिवा कोण सोडणार? चौदाव्या चित्राने बाराव्या चित्रातील नदीत न सोडल्या गेलेल्या दिव्यांची जाणीव करून दिली. चित्रमालेतील नंतरच्या चित्राने आधीच्या चित्राला असा जाब विचारावा, ही आत्मपरीक्षणाची दुर्मीळ घटना आहे. हे दाम्पत्य तेथेही थांबले नाही. या मालेबाहेर त्यांनी नानजिंगची कत्तल (१९७५), आउश्विट्झ (१९७७), मिनामाता (१९८०) आणि ओकिनावाची लढाई (१९८४) यांवर भव्य चित्रे रंगविली.

यावर एक शंका घेतली जाते. स्वतःच्या समाजाचे अपराध चित्रात आणल्याने बॉम्ब टाकणाऱ्याचा अपराध सौम्य होत नाही काय? आमच्या मते होत नाही. जो केवळ स्वतःच्या जखमेकडे बोट दाखवितो, त्याची साक्ष पक्षपाती म्हणून बाजूला सारता येते. ज्याने स्वतःच्या हाताने केलेल्या जखमाही मोजल्या, त्याच्या साक्षीला उत्तर देणे कठीण होते. 'कावळे'ने 'भुते'चे बळ कमी केले नाही. उलट ते सर्व मानवजातीच्या वतीने बोलण्याच्या योग्यतेचे केले.

अण्वस्त्रबंदीचा करार २०१७ साली संयुक्त राष्ट्रसंघात संमत झाला आणि जानेवारी २०२१ पासून अमलात आला. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या राष्ट्रांनी तो स्वीकारलेला नाही. ज्या देशात तीन कोटी सह्या झाल्या त्या जपानच्या सरकारनेही त्यावर सही केलेली नाही. त्यामुळे सुगिनामीच्या गृहिणींचे काम अपुरे राहिले आहे, आणि त्यांची कार्यपद्धती आजही उपयोगाची आहे : अभ्यासगट, ओळखीची वस्ती, एक स्पष्ट मागणी, घरोघर जाण्याचा चिवटपणा. त्या पद्धतीला 'कावळे'ने शिकविलेल्या एका नियमाची जोड द्यावी लागेल. सह्यांचा कागद घेऊन निघालेल्या गटाने आपल्या वस्तीतील कोणत्या घरासमोर आपले पाऊल थांबले, कोणते दार ठोठावले गेले नाही, याचीही नोंद त्याच कागदाच्या मागे करावी. कागदाच्या पुढच्या बाजूवरील सह्यांची संख्या चळवळीचा विस्तार सांगते. तिची खोली मोजावयाची असेल तर तो कागद उलटून पाहावा लागेल.